ठिपक्याभोवतीची रेघ

अंगणं शेणानं सारवलेली असत आणि शाळेची घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा असे, त्या काळची ही गोष्ट. एका गावात एक बाई तिसरीचा वर्ग शिकवत. बाईंची रांगोळी पंचक्रोशीत नावाजलेली. अकरा ठिपके, अकरा ओळी, आणि चिमटीतून सुटलेली रेघ ठिपक्यावर बसायची म्हणजे बसायचीच. ठिपका चुकवलेला त्यांना मुळीच खपत नसे.

त्या वर्षी गावात हातमाग सुरू झाले आणि तेलुगू बोलणारी विणकर मंडळी लांबून राहायला आली. त्यांच्यातली नरसम्मा बाईंच्या वर्गात बसू लागली. पोरगी गुणी, पण दोन महिने झाले तरी तोंडातून शब्द नाही. मुलं तिला ‘मुकी’ म्हणू लागली. हिला बोलतं कसं करावं, या विचारानं बाईंना चैन पडेना.

गॅदरिंग जवळ आलं. शाळेच्या अंगणात बाईंनी सरावासाठी प्रत्येक मुलीला स्वतः ठिपके घालून दिले. नरसम्मा पहिल्यांदाच हसली, पुढं सरसावली आणि भराभर रेघ ओढू लागली. पण रेघ एकाही ठिपक्याला शिवेना! बाजूनं वळसा घेऊन पुढं जाई.

“अगं, ठिपके काय शोभेला दिलेत? जोडायचे असतात ते!” बाई म्हणाल्या आणि त्यांनी हातानं सगळं पुसून टाकलं. मुली फिदीफिदी हसल्या. नरसम्मानं रांगोळीची वाटी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी निरोप आला, की आता ती शाळा सोडून घरी मागासाठी कांड्यांवर सूत भरायला बसणार. बाईंचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. सकाळीच त्या विणकरांच्या आळीत गेल्या.

आळीच्या तोंडाशीच त्यांचे पाय थबकले. दारोदार पांढरीशुभ्र रांगोळी होती, आणि एकाही दारात रेघ ठिपक्याला शिवलेली नव्हती. प्रत्येक ठिपक्याला वळसा घालत ती फिरून पुन्हा सुरुवातीला येऊन मिळाली होती. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका पोरीची चूक समजून त्यांनी अख्ख्या आळीची रीत पुसली होती.

गुपचूप माघारी फिरता आलं असतं. कोणी पाहिलंही नव्हतं. पण बाई नरसम्माच्या दारात गेल्या आणि सरळ पायरीवर बसल्या.

“चुकलं गं माझं. मला शिकवशील?”

तिची आई गडबडली. “बाई, तुमी असं खाली नका बसू. आमच्यात असंच काढतेत. रेघ ठिपक्याला धक्का नाय लावत, त्याला राखत जाते.”

नरसम्मा मात्र आतून वाटी घेऊन आली. बाईंनी चिमूट घेतली, आणि पंचक्रोशीत नावाजलेल्या त्या हाताला साधा वळसा जमेना! सवयीनं रेघ ठिपक्यावर जाऊन आदळे. तिसऱ्यांदा बिघडली तेव्हा नरसम्माला राहवलं नाही. तिनं बाईंचं मनगट धरलं.

“बाई, असं नाय. हळू!”

बाईंचे डोळे भरून आले. पोर बोलली होती.

दुसऱ्या दिवशी नरसम्मा शाळेत आली. बाईंनी सगळ्या वर्गासमोर आपली चूक सांगितली आणि शिकवायला तिलाच उभं केलं. ते पाहून तांड्यावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, माझी याडी, म्हणजे आई, कापडावर आरशांची नक्षी टाचते. आणू?” मग काय, जो तो घरचं काहीतरी आणू लागला. त्या गॅदरिंगला अंगण पुरलं नाही.

आता बाई थकल्यात. अंगणात फरशी आली, दारात चिकटवायची रांगोळी आली. आयुष्यात बक्षिसं पुष्कळ मिळाली, पण सगळ्यात मोठी शाबासकी कोणती असं विचारलं, तर त्या सांगतात, “गॅदरिंगच्या सकाळी माझी रेघ एकदाची सुरुवातीला येऊन मिळाली, आणि एक आठ वर्षांची पोरगी सगळ्यांदेखत मला म्हणाली, ‘बाई, आता बरोबर.’”

तात्पर्य एवढंच: जे आपल्याला येत नाही, ते चुकीचं ठरवण्याआधी शिकून पाहावं.