साळुंकीनं घडवलेला आवाज

फार वर्षं झाली याला. बँडवाल्यांच्या पत्र्याच्या खोलीत एक सिंथेसायझर होता, त्याला ते नुसती पेटी म्हणायचे. वर आढ्याला साळुंकीचं घरटं. ती चाऱ्याला गेली की तिची तीन पिल्लं घाबरून रडायची.

"पेटीबाई, माझा आवाज तुझ्यात ठेवून घे ना," ती म्हणाली.

"घेते की. पण घडवायला तूच शिक, साळूबाई. चोचीनं बटणं फिरव."

साळुंकी रोज शिकायची. एका बटणानं आवाज बारीक झाला, दुसऱ्यानं लांबला. तिसऱ्यानं गळ्यातली खरखर गेली, तेव्हा तर ती नाचलीच.

पेटी त्या घडवलेल्या आवाजात बोलायला लागली आणि पिल्लं शांत झाली. साळुंकी निर्धास्त लांबलांब जाऊ लागली.

एके दिवशी ती किडा घेऊन आली. "आले गं माझ्या सोन्यांनो!"

पिल्लांनी चोची घट्ट मिटल्या. "ही कोण घोगरी बाई? आई तर खाली बोलतेय."

दोन दिवस त्यांनी घास घेतला नाही. साळुंकी पेटीचा खटका बंद करायला झेपावली, तशी पेटी त्याच गोड आवाजात म्हणाली, "कर की बंद. मग यांची आई कुठून आणशील?"

तेव्हापासून खाली पेटी बोलायची, वर पिल्लं आ करायची, आणि साळुंकी मुकाट्यानं भरवायची.