चार बोटांची दुमड

आमदार यमुनाबाई खरपुडे यांनी आधी शिवणकाम केलं, मग एसटीत कंडक्टरकी केली, पुढे अंगणवाडी चालवली आणि शेवटी निवडणूक जिंकली. म्हणूनच की काय, शिक्षणमंत्री रणधीरराव सरनोबत त्यांना खिजगणतीतही धरत नसत.

त्या दिवशी समितीच्या बैठकीत गणवेशाचा नमुना आला. पाचवीतल्या लाखभर मुलींनी तो फ्रॉक दोन वर्षं वापरायचा होता. मंत्र्यांना सही करून निघायचं होतं, तेवढ्यात यमुनाबाईंनी फ्रॉक बघायला मागितला.

मंत्री हसून म्हणाले, "बाई, मी पंचविसाव्या वर्षी राजकारणात आलो तो आजतागायत इथेच आहे. तुम्ही एकाही कामात टिकला नाहीत. इथे तरी टिकणार का?"

दोघेतिघे सदस्य हसले. यमुनाबाईंनी निवांतपणे फ्रॉकचा घेर उलटा करून सगळ्यांना दाखवला.

"साहेब, कापड दोन वर्षं टिकेल, पण पोरगी वर्षभरातच यात मावेनाशी होईल. गावातला कुठलाही शिंपी पोरीच्या फ्रॉकला खाली चार बोटं दुमड ठेवतो. पोर वाढली की आई टीप उसवते आणि फ्रॉक लांब करते. यात बोटभरही कापड सोडलेलं नाही."

मंत्र्यांनी उघडलेलं पेन बंद केलं.

"आणि माझं म्हणाल, तर मी वाढत गेले तशी टीप उसवत गेले. तुमच्या खात्याला दुमड सुचली नाही, यात नवल नाही. पंचविसाव्या वर्षी शिवलेलं तुम्हाला अजून बरोब्बर बसतंय."