छातीवरचा पोचा

सरदार लोक कड्यांची चिलखतं टाकून पोलादी पत्र्याची कवचं घालू लागले, तेव्हाची गोष्ट. मिलान शहरात बेर्तोलो लोहाराने एक नवंकोरं कवच भिंतीला टेकवलं आणि दहा पावलांवरून त्याच्यावर बाण रोखला.

कवच थरथरलं. “मालक, भट्टी सोसली, घण सोसले. आता हे कशाला?”

“इथे फुटलंस तर लोखंड फुटेल,” बेर्तोलो म्हणाला. “लढाईत फुटलंस, तर आत माणूस असेल.”

बाण सुटला. कवच टिकलं, पण छातीवर पोचा पडला.

“निदान हा पोचा तरी ठोकून काढा! असं मला कोण घेईल?”

बेर्तोलोने हातोडा उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी, बाजारातली सगळी गुळगुळीत कवचं नाकारून आलेल्या एका म्हाताऱ्या सरदाराने त्या पोच्यावर बोट ठेवलं.

“हेच द्या. मुलगा पहिल्यांदाच लढाईला निघालाय.”