धोंडीच्या झबल्यातले गोटे

फार फार मागची गोष्ट. किती मागची म्हणाल, तर डोंगर अजून बसायला जागा शोधत होते आणि ढग खाली उतरून पाणवठ्यावर पाणी प्यायचे, तेव्हाची. अशाच एका डोंगराच्या खांद्यावर एक गाव होतं. त्या गावची लेकरं फार हलकी. सावरीच्या कापसासारखी. अंगणात ठेवावं आणि कुणी जोरात शिंकावं, तर लेकरू कुंपणापाशी.

आणि गावाला वारा फार. सावरीची बोंडं फुटली की मोठा वारा यायचा. जाताना एखाददुसरं लेकरू घेऊन जायचा. कुठे न्यायचा, कुणाला ठाऊक नाही. आई कड्यावर उभी राहून बघायची. आभाळातला ठिपका लहान लहान होत जायचा.

गाव काही स्वस्थ बसलं नव्हतं हो. लेकरांची नावं जड ठेवायचे, दगडू, धोंडी. झबल्याच्या काठात नदीतले गोटे शिवायचे. पोर चाललं की खडखड वाजायचं. पाहुणा म्हणायचा, "काय वजनदार पोरं तुमची!" गावाला तेवढंच बरं वाटायचं.

त्या गावात हौसा नावाची एक सून होती. तिची धोंडी दोन वर्षांची, आणि पोटात दुसरं.

गावाची जेवायची रीत ठरलेली. आधी पुरुष, मग मोठी मुलं, मग सासवा, आणि सगळ्यांत शेवटी सून. सुनेच्या ताटात काय यायचं? मडक्याच्या बुडाचं पाणचट कालवण आणि तव्याला चिकटलेली अर्धी भाकर. लहान लेकराला वेगळं ताट नसायचंच. सगळे म्हणायचे, "त्याला कशाला? आईच्या ताटातलं खाईल की!" खोटं कुणीच बोलत नव्हतं. लेकरू आईच्याच ताटातलं खायचं. ताटात काही असतं का, हे मात्र कुणी वाकून बघितलं नव्हतं.

त्यात हौसाची सासू बजावायची, "बेतानं खा गं. पोटातलं मोठं झालं तर सुटका अवघड." हौसा बेतानंच खायची. बेताबाहेर खायला होतं काय?

त्या वर्षी सावरी लवकर फुटली. हौसानं धोंडीच्या झबल्यात आणखी दोन गोटे शिवले. दुपारी वारा आला, आणि झालं काय, गोट्यांच्या भारानं जुनं कापड टरकन फाटलं. गोटे खाली राहिले. धोंडी वर गेली.

हौसा धावत सुटली. पायाखाली काटे, डोक्यावर लेक. पांढऱ्या कापसाच्या म्हाताऱ्या उडत होत्या, त्यांच्यामधून धोंडी हसत हसत चालली होती. तिला काय, गंमत वाटत होती! शेवटी रानातल्या एका जुन्या झाडाच्या शेंड्याला ती अडकली.

त्या झाडाच्या ढोलीत धनेशाचं घरटं होतं. धनेश म्हणजे ते मोठ्या चोचीचं पाखरू. त्याची मादी ढोलीत बसली होती, आणि ढोलीचं तोंड चिखलानं लिंपलेलं. चोच बाहेर येईल एवढीच फट.

"बाई," फटीतून आवाज आला, "पाखरू मी, आणि उडते तुझी पोर! हे गं काय?"

हौसा रडकुंडीला आली होती. "तुमची पिल्लं वारा नेत नाही? तुम्ही कसले गोटे बांधता?"

तेवढ्यात पंखांचा घरघराट झाला. नर गळ्यात उंबरं भरून घेऊन आला आणि फटीतून एकेक उंबर आत देऊ लागला.

"गोटे कसले?" तो म्हणाला. "उंबरं देतो. आधी हिला, मग हिच्या चोचीतून पिल्लांना. ही उपाशी, तर अख्खं घरटं उपाशी."

"बायकोला भरवता म्हणून तुमचं गणगोत हसत नाही?"

"हसतात की. हसू देत. मी फांदीवर बसून आधी जेवत राहिलो, तर मग ढोलीत हसायला कुणी उरायचं नाही."

त्यानं शेंड्यावर जाऊन धोंडीच्या तोंडात पाच-सहा पिकली उंबरं घातली. धोंडीनं ती मिटक्या मारत खाल्ली. मग काय, फांदीवरून ती हळूहळू ओघळली, पानापानावर टेकत खाली आली आणि आईच्या ओटीत पडली. हौसाला आज पहिल्यांदा लेकीचा भार लागला. तेवढाच, पाच-सहा उंबरांचा.

हौसा घरी आली. तिनं चिखल कालवला, धोंडीला घेऊन धान्याच्या खोलीत गेली आणि आतून दार लिंपलं. हात बाहेर येईल एवढी फट ठेवली.

"अगं बया!" सासू ओरडली. "वारं लागलं की काय हिला?"

आतून हौसा म्हणाली, "पहिली भाकर या फटीतून. मग बाकीच्यांची पंगत."

नवरा भिवा डोकं खाजवत उभा राहिला. मग त्याची नजर अंगणातल्या गोट्यांवर गेली. फाटलेलं झबलं तिथंच पडलं होतं. तो आत गेला, गरम भाकर घेतली, वर घट्ट डाळ घातली आणि फटीतून दिली. शेजारचे कुंपणावरून बघतच होते.

"काय रे भिवा, चोच कधी फुटणार तुला?"

"फुटली की सांगतो," भिवा म्हणाला. "आधी हिला वाढू दे."

सासूचा मात्र जीव जळत होता. ती फटीला तोंड लावून म्हणाली, "आम्ही नाही का शेवटी जेवलो? आम्ही नाही का पोरं वाढवली?"

आतून हौसा हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुमची किती नेली वाऱ्यानं?"

सासू फटीपासून मागे सरली. चुलीपाशी जाऊन बसली. तिच्या डोळ्यांपुढे दोन ठिपके लहान लहान होत गेले. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, मडक्यातलं वरवरचं घट्ट कालवण वाडग्यात घेतलं, त्यावर लोण्याचा गोळा ठेवला आणि स्वतःच्या हातानं फटीतून आत दिला.

"एक," ती म्हणाली. "एक जवळ राहिला. दोन गेली."

त्या दिवसापासून सासूच पहिलं ताट द्यायची. चार महिने धनेशासारखी ढोली राखली तिनं. दिवस भरले तसं हौसानं लिंपलेलं दार फोडलं. ती बाळंत झाली, तेव्हा सुईण रीतीप्रमाणे पहिलं चिकाचं दूध भिंतीवर पिळायला निघाली. सासूनं तिचा हात धरला. "गाईचा चीक आला की खरवस करून चाटूनपुसून खातो आपण. मग हिचा चीक भिंतीला कशाला गं? भिंतीला का बाळसं धरायचंय?" म्हशी डुंबतात त्या पाणवठ्याचं पाणीही तिनं बंद केलं. झऱ्यावरून आणायची, उकळायची, मगच लेकरांना द्यायची.

पुन्हा सावरी फुटली. मोठा वारा आला. गावानं दारं लावली. हौसाच्या अंगणात धोंडी बिनगोट्याच्या झबल्यात उभी होती आणि धाकटं सासूच्या मांडीवर. वाऱ्यानं धोंडीला ढकलून पाहिलं, ओढून पाहिलं. शेवटी तिचे केस विस्कटले आणि तसाच रिकाम्या हातानं पुढे गेला.

गावानं दारांच्या फटींतून ते पाहिलं. हळूहळू घराघरातल्या झबल्यांचे काठ उसवले गेले. सुटलेले गोटे रचून गावानं एक ओटा बांधला. गरोदर सुना आणि लेकुरवाळ्या त्यावर बसून सगळ्यांच्या आधी जेवू लागल्या. त्या गावात अजून मोठा वारा येतो म्हणतात. कापूस घेऊन जातो, लेकरं ठेवून जातो.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या बापांनो, एवढं ध्यानात धरा: लेकरू अंगानं भरावं असं वाटत असेल, तर आधी त्याच्या आईचं ताट भरा.