राणीचा श्वास आणि रेवंदचिनीची बरणी

एका राज्यात ऊन फार होते आणि धीर कमी. तिथे पद्मकेत नावाचा राजा राज्य करीत होता, आणि प्रजेला शोभेल असाच तोही उतावळा होता. त्याची राणी तुहिना मात्र दूर बर्फाच्या डोंगरांतून आलेली. लग्नाच्या पालखीतून तिने दागिन्यांचे पेटारे आणले नाहीत. ओल्या फडक्यात गुंडाळलेला रेवंदचिनीचा एक कंद आणला आणि एक बोलकी डोंगरी मैना आणली.

कंद तिने राजवाड्याच्या उत्तरेला, सावलीत लावला. दर वसंतात त्याला लालचुटुक देठ फुटत. पाने विषारी, म्हणून राणी ती कापून खोल पुरून टाकी. देठ आंबट, नुसत्या आठवणीने तोंडाला पाणी सुटावे असे. ते चिरून ती साखरेत शिजवी, गुलाबी रस फडक्यातून गाळी, त्यात थंड पाणी घाली, मागच्या बरणीच्या तळाचा गाळ विरजण म्हणून चमचाभर मिसळी आणि बरणीचे तोंड मेणाने बंद करून ती तळघरात ठेवी. आत रस हळूहळू श्वास घेऊ लागे. श्वास पुरा भरला की मेण फुटून झाकण आपसूक उडे, आणि असे फसफसते सरबत पेल्यात उतरे की पिणाऱ्याचे नाक झिणझिणे आणि तो उन्हाळा विसरून जाई.

एकदा भर दुपारी करालनाथ नावाचा मांत्रिक दारात येऊन उभा राहिला.

"राणी, तुझे सरबत दे."

"बसावे. अजून त्याचा श्वास भरला नाही."

करालनाथाने जन्मात कुणाची वाट पाहिली नव्हती. तो म्हणाला, "पेयाच्या श्वासासाठी मला थांबवतेस? मग तुझाच श्वास त्या बरणीत जाऊन बसो. भरला तर परत येईल, सांडला तर वाऱ्यावर जाईल." बागेतला कंद त्याने उपटून जाळला आणि तो चालता झाला. राणी झोपाळ्यावर बसली होती, ती तशीच राहिली. डोळे उघडे, अंग ऊबदार, छाती मात्र हलेना.

आता खरे तर बरणीला कुणी हात लावायला नको होता. पण शाप राजाने ऐकला नव्हता, आणि त्या राज्यात लोणचे असो की मोरंबा, बरणी रोज उघडून ढवळायची चाल होती. न ढवळली तर बुरशी येते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तळघरातून गुणगुण ऐकू आली तेव्हा राजाला वाटले, तुहिनाच्या हातची शेवटची बरणी, ती नासायला नको. त्याने मेण खरवडले, झाकण काढले आणि डाव घालून ढवळले. आतून एक लांब उसासा निघाला आणि खिडकीतून बाहेर गेला. केले ते प्रेमानेच, पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मैना बरणीच्या काठावर बसली आणि म्हणाली, "महाराज, वाऱ्यावर गेलेला श्वास घर शोधीत फिरतो. नवी बरणी भरली तर तो येऊन बसेल, पण एकदाच. तीन कामे करावी लागतील. बर्फाच्या डोंगरावरून देठ आणा. शापित खजिन्यातली खडीसाखर आणा, साध्या साखरेला वारा भुलत नाही. निघण्यापूर्वी या बरणीच्या तळाचा गाळ तेवढा विरजणाला जपून ठेवा."

"तिसरे काम कोणते?"

"ते घरी आल्यावर सांगेन. आत्ता सांगितले तर तुमचा पाय निघणार नाही."

राजा निघाला. वाटेत त्याला राणीची आठवण येई ती नुसती तिच्या रूपाची नव्हे. चालताना तिचे पैंजण एकाच पायात वाजत, दुसऱ्याची घुंगरे तिने मैनेला खेळायला दिली होती. तो अर्धा छुमछुमाट कानी पडावा म्हणून राजाने अर्धे राज्य दिले असते.

बर्फाच्या डोंगरावर एक राक्षसीण रेवंदचिनीचा मळा राखीत होती. ती म्हणाली, "देठ ने किंवा पान ने. दोन्ही नेता येणार नाहीत." राजाने पाहिले, तर सुपाएवढ्या प्रत्येक पानात तुहिनाचा चेहरा दिसत होता, आणि तो हसत होता. राजा पानापुढे गुडघे टेकून बसला. संध्याकाळ झाली तरी उठेना.

"पान विषारी आहे, महाराज," मैना म्हणाली.

"ठाऊक आहे. जरा पाहू दे."

मग त्याने डोळे मिटले, चाचपडत देठ कापले आणि मागे वळून न पाहता डोंगर उतरला.

खजिन्याच्या गुहेत सोन्यानाण्याऐवजी खडीसाखरेचे ढीग होते आणि राखणीला एक म्हातारा नाग होता. नाग म्हणाला, "हवी तेवढी ने. पण एक खडा जिभेवर ठेवून बघ. सारे दुःख विसरशील."

"दुःख विसरलो तर राणी आठवेल?"

"नाही."

"मग नको," राजा म्हणाला आणि त्याने उपरण्यात साखर बांधून घेतली. बोटे चिकट झाली होती. तीही त्याने चाटली नाहीत, वाळूत पुसली.

घरी येऊन राजाने स्वतःच्या हाताने देठ चिरले, रस शिजवला, गाळला, विरजण घातले, मेण लावले आणि बरणी तळघरात ठेवली. मग मैनेने तिसरे काम सांगितले.

"आता काही करायचे नाही."

राजाला वाटले, एवढेच? पण उतावळ्या नवऱ्याला हे काम देऊन पाहा म्हणजे कळेल. पहिले काही दिवस बरणी गप्प होती. मग आत बुडबुडे उठू लागले, आणि एके सकाळी बरणीतून हाक आली.

"महाराज, उघडा. इथे फार अंधार आहे."

राजाचा जीव कासावीस झाला. "मैने, हा आवाज तिचाच आहे?"

"तिचाच," मैना म्हणाली आणि तिने मान पंखात घातली.

"महाराज, मी गुदमरते आहे. झाकण काढा." राजाचे हात पुढे जात. तो ते मागे घेई आणि स्वतःच्या मांड्यांखाली दाबून बसे. त्याला रडू येई, आणि तो रडे. हाकांना उत्तर दिले असते तर हात ऐकले नसते, म्हणून तो बोललाही नाही.

तेवढ्यात करालनाथ जिना उतरून आला. "राजा, झाकण काढ, मला एक पेला दे. राणीला आत्ता उठवतो."

"बसावे," राजा म्हणाला.

मांत्रिकाने मंत्र टाकला, धूर केला, भिंती हलवल्या. राजा हलला नाही. शेवटी दमून मांत्रिकही पायरीवर टेकला. तो जन्मात पहिल्यांदाच थांबला होता, आणि मंत्र हे उतावळ्यांचे. थांबणाऱ्याच्या पोटात ते नासतात. बसल्या बसल्या त्याची सारी विद्या उतरली.

मग मेण तडकले आणि झाकण उडून छताला लागले. राजा पेला भरून धावत झोपाळ्यापाशी गेला आणि त्याने तो राणीच्या ओठांना लावला. राणीची छाती भरून आली. शाप फिटला. डोंगरावरच्या देठांबरोबर आलेला कंदाचा तुकडा उत्तरेच्या सावलीत रुजला, करालनाथ तिथे पाणी घालायला राहिला, आणि राज्यात ज्या बरण्या ढवळू नयेत त्या ढवळणे बंद झाले.

पण ते पुढचे. त्या घटकेला राणीने राजाकडे पाहिले आणि विचारले, "मी हाका मारीत होते. ऐकू आल्या नाहीत?"

"आल्या. एकूणएक ऐकल्या."

राणीने त्याचे हात हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. ते दाबून दाबून काळेनिळे झाले होते. मग पेल्यात उरलेले सरबत तिने त्याच्यापुढे धरले.

"प्या. घसा कोरडा पडला असेल."

राजा प्यायला आणि त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. बुडबुडे नाकात गेले, असे तो म्हणाला. कुणी वाद घातला नाही.

जसे त्या राजाचे वाट पाहणे सरले, तसे तुमचे-आमचेही सरो.