निवळ नावातला ळ

धामणदरीत ‘निवळ’ नावाची मुलगी नाही असं घर शोधून सापडायचं नाही. सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव सोडलं, तर हे नाव सहसा कुठं कानावर येत नाही. त्यातही एक नवल आहे. इथली माणसं डोळ्याला डोया म्हणतात, काळ्याला काया म्हणतात. ळ त्यांच्या जिभेवर टिकतच नाही. या एका नावातला ळ मात्र म्हातारीकोतारीसुद्धा लख्ख उच्चारतात. कुणा पाहुण्यानं कारण विचारलं, की गावातले वयोवृद्ध सुखदेवबुवा आधी डोंगरातल्या कपारींकडे बघतात आणि मग सांगू लागतात.

पेंढाऱ्यांच्या धाडी पडत, त्या काळातली गोष्ट. पुंजाजी नावाच्या इथल्या गुराख्यानं गोदाकाठची बायको केली होती. तिचं नाव म्हाळसा. सारं गाव तिला म्हायसा म्हणे, नवराही तेच म्हणे. लेक झाली तेव्हा नाल्याचं गढूळ पाणी नुकतंच निवळलं होतं, म्हणून तिनं लेकीचं नाव निवळ ठेवलं. गावानं त्याचं लगेच ‘निवय’ केलं.

“अहो, जीभ मागं वळवा की जरा!” म्हाळसा नवऱ्याला शिकवू पाहायची.

पुंजाजी हसून सोडून द्यायचा. “तुह्या माहेरचं ते अक्षर आमच्या तोंडात नाई मावत.”

पोर चालती-बोलती झाली होती. एका उन्हाळ्यात पुंजाजी गुरं घेऊन बाजाराला गेला आणि मागं गावावर धाड आली. म्हाळसानं लेकीला उचलून डोंगर गाठला. तिला एका खोल कपारीत बसवून तोंडाशी धोंडे रचले. पेंढारी गावातल्याच कुणाला तरी धरतात आणि लपलेल्यांना नावानं हाका मारायला लावतात, हे तिनं ऐकलं होतं.

“कुणी निवय म्हणून बोलावलं तर हूं की चूं करू नको,” तिनं लेकीला बजावलं. “मी म्हणते तसं नाव आलं, तरच ओ दे. आजीला घेऊन आलेच मी.”

घरी आंधळी सासू एकटी होती. तिला आणायला म्हाळसा उतरली आणि वाटेतच तिच्या कुशीत भाला बसला.

पुंजाजी परतला तेव्हा गाव जळत होतं. म्हाळसाचा जीव अजून घुटमळत होता. “पोर कपारीत आहे,” ती म्हणाली. “नाव नीट घ्या. नाहीतर ती यायची नाही.” कोणती कपार, हे सांगायच्या आत तिचा श्वास थांबला.

डोंगर तर कपारींनी पोखरलेला. पुंजाजी हाका मारत फिरला. निवय, निवल, निवर... काही केल्या जीभ वळेना. कपारींतून आवाज असा घुमे, की बापाचा कुठला आणि परक्याचा कुठला, हे आतल्याला कळू नये. वाचलेले गावकरीही हाका मारून थकले. आईच्या शब्दाला जागून पोर गप्प बसून होती. ऊन भाजत होतं, आणि तिच्याजवळ पाण्याचा थेंब नव्हता.

अखेर पुंजाजीचा घसा बसला. तो एका धोंड्यावर कोसळून रडू लागला. रडता रडता जीभ आपोआप मागं ओढली गेली आणि तोंडून नाव निघालं, “निवळ!”

“ओ,” अगदी जवळून क्षीण आवाज आला.

त्या कपारीवरून तो कितीदा तरी गेला होता, म्हणे. धोंडे उपसून त्यानं लेकीला मांडीवर घेतलं, ओठांना पाणी लावलं. ते गालांवरून ओघळून गेलं. तिचे डोळे मिटलेलेच होते.

“आई आली?” तिनं विचारलं.

“आली,” पुंजाजी म्हणाला.

पोर हसली आणि गेली.

पुढं गावात पहिली मुलगी जन्मली, तेव्हा पुंजाजी त्या दारात जाऊन उभा राहिला. “हिचं नाव निवळ ठेव,” त्यानं बाळाच्या बापाला विनवलं. “पण आधी तू म्हणायले शिक.” त्यानंतर जिथं मुलगी होई तिथं तो जाई. असं करत करत ते नाव घरोघर गेलं.

आजही धामणदरीत बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा नाही, बापाचा आहे. तो सकाळीच कपारींकडे जातो. जमेपर्यंत नाव घोकतो. तोवर पाळणा रिकामा असतो आणि बायका ताटकळत बसतात, पण त्याला घाई कर असं कुणी म्हणत नाही. गावात कुणी ‘निवळ’ अशी हाक मारली, की ऐकू जाईल तिथवरच्या साऱ्या निवळ ओ देतात. हाक कुणाला होती, हे त्या मागाहून विचारतात.