मगदूमशेठचे हेडफोन

इचलकरंजीच्या मगदूमशेठला आपल्याच यंत्रमागांचा खडखडाट सोसेना. मोठा नाजूक कानाचा माणूस! ऑफिसात बसून वापरायला, बाहेरचा आवाज मारणारे तीन बिनवायरचे हेडफोन त्यानं दुकानदाराला घेऊन यायला लावले. आता निवडायचा कुठला?

शेठ ऐटीत म्हणाला, "सिदगोंडातात्या बावीस वर्षं मागावर आहे. त्यालाच घालून बघू दे."

तात्यानं एकेक हेडफोन चढवला, चालत्या मागांमध्ये उभा राहिला आणि परत आला.

"कुठल्यात आवाज येत नाही?" शेठनं विचारलं.

"तिन्हीत न्हाई, शेठ. आन् काढल्यावर बी न्हाई. तुमच्या मागांनी माझे कान कधीच बंद केल्यात."

दुकानदाराचं हसू विरलं. गेल्या वर्षी कामगारांनी कानात घालायला रबरी बुचं मागितली, तेव्हा "कापूस कोंबा" म्हणून शेठनंच हाकललं होतं. ते आठवून शेठचं तोंड उतरलं. जमिनीकडं बघत तो पुटपुटला, "चुकलं माझं, तात्या."

"मान वर करून बोला, शेठ," तात्या म्हणाला. "ओठ दिसल्याबिगर मला कळत न्हाई."